किसेईजू मांगातील आघात आणि सावरणे

'किसेईजू' ही हितोशी इवाआकी यांची जपानी भयमांगामालिका. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. जगभर ती 'पॅरासाइट' या नावाने ओळखली जाते. २०१९ च्या कोरियन चित्रपटाशी तिचा संबंध नाही. ती मुख्यतः कोदान्शा प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' मासिकात क्रमशः आली, १९९५ च्या फेब्रुवारी अंकात (तो डिसेंबर १९९४ मध्येच बाजारात आला होता) संपली आणि १० खंडांत ग्रंथरूप झाली. तिला १९९३ मध्ये कोदान्शा मांगा पुरस्कार आणि १९९६ मध्ये विज्ञानकथेसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला. माणसाचे डोके खाऊन त्याच्या धडावर ताबा मिळवणारे परजीवी हा तिचा भयविषय. मात्र तिचे मोठेपण आहे ते आई गेल्यावर रडूच न येणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या चित्रणात.

इझुमी शिनिची हा भित्रा, कनवाळू मुलगा. त्याच्या अंगात शिरलेला परजीवी मेंदूपर्यंत पोहोचत नाही, उजव्या हातातच अडकतो. या हाताला, म्हणजे मिगीला, तल्लख बुद्धी आहे, जगण्याची धडपड आहे. दया मात्र नाही. पुढे सहलीला गेलेल्या शिनिचीच्या आईला दुसरा एक परजीवी मारतो आणि तिच्याच रूपात घरी येतो. ही आई नव्हे, हे मिगी सांगत असतो. शिनिचीला ते मान्य करवत नाही आणि तेवढ्यात त्याच्या काळजात पाते घुसते. मिगी आपल्या पेशींनी फाटलेले हृदय सांधतो, पण मिगीचा स्वतःचा सुमारे ३० टक्के भाग शिनिचीच्या शरीरात विखुरला जातो.

यानंतर शिनिची अचाट उड्या मारतो, दूरचे ऐकतो, क्षणात सावध होतो. एरवी अशा कथांत हे नायकाचे वरदान ठरते. इवाआकी मात्र या बळाला जखमेचेच लक्षण म्हणून रंगवतात. रस्त्यात गाडीखाली सापडलेले पिल्लू शिनिची मायेने उचलून घेतो आणि ते मरताच कचरापेटीत टाकतो. आता तो कुत्रा नाही, कुत्र्याच्या आकाराचे मांस आहे, असे तो मैत्रीण मुरानो सातोमीला सांगतो. तिचा चेहरा पाहून तो परत जातो आणि पिल्लू झाडाखाली पुरतो. काय चुकले ते त्याला कळते, आतून जाणवत मात्र काहीच नाही. संपूर्ण मालिकेत यापेक्षा भयंकर प्रसंग नाही, आणि त्यात परजीवीचा हल्लाही नाही. "तू इझुमी शिनिचीच ना?" हा मुरानोचा पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न म्हणूनच जिव्हारी लागतो.

आघातानंतर भावना बधिर होणे हे मानसोपचारशास्त्राला परिचित असलेले लक्षण आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला निदानसूचीत स्थान दिले. जपानमध्ये मनाच्या जखमांची व्यापक सार्वजनिक चर्चा १७ जानेवारी १९९५ च्या कोबे परिसरातील भूकंपानंतर झाली. तोवर ही कथा लिहून संपली होती.

सूड घेऊनही शिनिची सावरत नाही. आईच्या रूपातील परजीवीवर अखेरचा घाव घालताना त्याला तिच्या उजव्या हातावरचा भाजल्याचा डाग दिसतो. तो लहान असताना उकळते तेल त्याच्या अंगावर सांडू नये म्हणून तिने ते हातावर झेलले होते. त्याचा हात थांबतो आणि तो घाव उदा मामोरू या सहकाऱ्याच्या शरीरातला परजीवी घालतो; शिनिचीप्रमाणेच उदाचाही मेंदू शाबूत राहिलेला असतो. पुढे त्याच्यावर प्रेम करणारी किमिशिमा काना ही मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत मरते, तेव्हाही डोळे कोरडेच राहतात. एक ज्योतिषी त्याला सांगते, की छातीतले भोक ज्याने पाडले, त्याला पुन्हा भेटल्याशिवाय ते बुजणार नाही.

ही भेट घडते तामुरा रेइको या परजीवीमुळे. तिने मानवी मूल जन्माला घातले आहे. बागेत पोलिसांच्या गोळ्या झेलत ती त्या बाळाला वाचवते आणि शिनिचीने ते विश्वासाने घ्यावे म्हणून त्याच्या आईचा चेहरा धारण करते. बाळ हातात आल्यावर शिनिचीच्या डोळ्यांतून पाणी येते. ज्या जातीने आई हिरावली, त्याच जातीतल्या एका आईकडून त्याला रडणे परत मिळते. एवढे धाडस मांगात क्वचितच कोणी केले असेल.

त्यानंतरही तो पूर्वीचा शिनिची होत नाही. मिगीच्या पेशी त्याच्या शरीरात अखेरपर्यंत राहतात. गोतोऊ या महापरजीवीशी झुंजताना मिगी गमावून तो एकटा पडतो, तेव्हा मित्सुयो ही वृद्धा त्याला आसरा देते आणि जिवाची पर्वा न केल्याबद्दल खडसावते. शेवटी मरणासन्न गोतोऊला मारण्याचा हक्क आपल्याला आहे का, याच विचारात तो अडकतो, आधी पाठ फिरवतो आणि मग रडत परत येऊन त्याला मारतो.

मॅडहाउस स्टुडिओच्या २४ भागांच्या अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) मालिकेत (२०१४–१५) शिनिची सुरुवातीला चष्मा लावतो आणि हृदय सांधल्यानंतर त्याला त्याची गरज उरत नाही. मूळ मांगात हा चष्मा नाही. तिथे बदल मागे फिरवलेल्या केसांतून, ताठ खांद्यांतून आणि हळूहळू रिकाम्या होत गेलेल्या नजरेतून दाखवला आहे, आणि तोच अधिक अस्वस्थ करतो.