यूएसबीला लावलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॉम्प्युटरला ओळखू कसा येतो, थोडी पार्श्वभूमी

आधी ओळखायचा प्रश्नच नव्हता. १९९२ च्या टीआय-८५ ला (टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी) लिंक पोर्ट आला, केबल कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टला लावायची आणि मॉडेल सॉफ्टवेअरच्या मेनूत स्वतःच निवडायचं. मग यूएसबीवाली सिल्व्हरलिंक आली, पण कॉम्प्युटरला दिसायची ती केबल (०४५१:ई००१, म्हणजे यूएसबी डिव्हाइस स्वतःबद्दल सांगतं ते दोन नंबर, आधी व्हेंडरचा म्हणजे कंपनीचा, मग प्रॉडक्टचा), पलीकडे टीआय-८३ आहे की ८९ की काहीच नाही हे तिला विचारून उपयोग नाही.

खरी ओळख २००४ पासून, टीआय-८४ प्लस आणि ८९ टायटॅनियमला थेट मिनी यूएसबी आलं तेव्हा. ८४ प्लसला ई००३, टायटॅनियमला ई००४, ८४ प्लस सिल्व्हर एडिशनला ई००८. त्याआधीचा ०४५१ हा व्हेंडर आयडी त्याच कंपनीच्या यूएसबी हबच्या चिपमध्येही असतो, म्हणून नुसतं ०४५१ बघून 'कॅल्क्युलेटर सापडला' म्हणणारी स्क्रिप्ट लॅपटॉपच्या डॉकलाच कॅल्क्युलेटर समजते.

घोळ झाला तो ई००८ चा. २०१३ चा रंगीत ८४ प्लस सी आला, २०१५ ला ८४ प्लस सीई आला, फ्रान्ससाठी ८३ प्रीमियम सीई आला, आणि सगळ्यांना तोच ई००८! आता सिल्व्हर एडिशन म्हणजे झेड८० प्रोसेसर आणि काळापांढरा स्क्रीन, सीई म्हणजे ईझेड८० प्रोसेसर आणि ३२० बाय २४० चा रंगीत स्क्रीन, ओएसच्या फाईलीसुद्धा वेगळ्या (एकाची .८एक्सयू, दुसऱ्याची .८ईयू), तरी यूएसबीवर दोघांचं नाव एकच. ड्रायव्हर व्हेंडर-प्रॉडक्टच्या जोडीवर बांधलेला असतो, जोडी तीच ठेवली की नव्या मॉडेलला नवा ड्रायव्हर लागत नाही, ही सोय मान्य. पण ती सोय कंपनीची, बाहेर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला फक्त डोकेदुखी आली असं माझं स्पष्ट मत.

त्यामुळे नंबर बघून फक्त घराणं कळतं, नेमकं मॉडेल हवं तर कनेक्शन उघडून कॅल्क्युलेटरलाच त्याच्या प्रोटोकॉलमध्ये प्रॉडक्टचं नाव विचारावं लागतं. म्हणजे तो चालू हवा, दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेला नको, आणि लिनक्सवर यूडेव्हचा (डिव्हाइस सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम टाकून परवानगी दिलेली हवी, नाहीतर यादीत डिव्हाइस दिसतं पण उघडत नाही. लोक केबल बदलत बसतात.

कॅसिओचं वेगळं. ०७सीएफ:६१०१ म्हणजे एफएक्स-९८६०जी चा जुना प्रोटोकॉल, तर ६१०२ वाले रंगीत एफएक्स-सीजी सरळ पेनड्राइव्हसारखे उघडतात, फाईल टाका आणि काढा.

टीआयच्याच एनस्पायर मालिकेला मात्र आधीपासून वेगळा नंबर, ई०१२, आणि २०१९ ला सीएक्स टू आला तेव्हा बोलायची पद्धतच बदलली म्हणून त्याला ई०२२ मिळाला. जुन्या टूलला तो नंबर माहीतच नव्हता, म्हणून ती त्याला चुकीचं काही समजली नाहीत, नुसतं 'सापडला नाही' म्हणाली, आणि माझ्या मते ई००८ पेक्षा हे शंभरपट बरं.