पिशवीचे वजन धरून अर्धा किलो नव्हे

लातूरची तूरडाळ असो की परभणी, बीडच्या बाजारात गावातच भरलेला शेव-चिवडा असो, पुड्यावर लिहिलेल्या वजनात पिशवीचेही वजन धरलेले असते आणि दहा-पंधरा ग्रॅम कमी भरायला कायद्याचीच मुभा आहे, हा समज मराठवाड्यात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांतही रुजलेला आहे. त्यातील पहिला भाग सरळ चुकीचा आहे: वजनमापांविषयीचा वैधमापन अधिनियम 2009 आणि आवेष्टित, म्हणजे पुड्यात बंद केलेल्या, वस्तूंविषयीचे 2011 चे नियम यांनुसार पुड्यावर निव्वळ वजन, म्हणजे केवळ आतील मालाचे वजन, छापावे लागते.

दुसऱ्या भागात अर्धसत्य आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. नियमांत एका पुड्यासाठी कमाल त्रुटी ठरवून दिली आहे, ती 200 ग्रॅमच्या पुड्याला 9 ग्रॅम आणि 500 ग्रॅमच्या पुड्याला 15 ग्रॅम. परंतु भरताना यंत्राचा किंवा हाताचा जो नकळत फरक पडतो त्यासाठीच ती आहे, कारण निरीक्षक अनेक पुडे तपासतात तेव्हा त्यांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. प्रत्येक पुड्यात मुद्दाम 485 ग्रॅम डाळ भरणारा व्यापारी त्यामुळे सरासरीच्या कसोटीवर दोषीच ठरतो.

घरी पडताळताना आधी भरलेला पुडा, मग झटकून रिकामी केलेली पिशवी तोलावी आणि वजाबाकी करावी. एकच पुडा किंचित कमी भरला म्हणून दुकानदाराला चोर ठरवणे अन्यायाचे आहे. मात्र त्याच रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून त्याच मालाचे आणखी चार-पाच बंद पुडेही कमी भरत असतील, तर ते न फोडता वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार करावी.