पेरणी-पटखेळांचे आधुनिक रूपांतर

खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायच्या, या एका कृतीवर उभ्या असलेल्या पटखेळांच्या कुळाला मंकला म्हणतात. घानातला ओवारे, झांझिबारचा बाओ, तमिळनाडूतली पल्लांगुळी आणि किर्गिझस्तानातला तोगुझ कोरगूल हे त्यातले ठळक खेळ. आजच्या खेळाडूंसाठी त्यांचे नियम, पट किंवा माध्यम बदलणे म्हणजे त्यांचे रूपांतर.

सर्वांत पसरलेले रूपांतर म्हणजे कलाह. अमेरिकेतील विल्यम ज्युलियस चॅम्पियन (धाकटे) यांनी ते 1940 मध्ये रचले. दोघांना सहा-सहा खळगे आणि एकेक कोठार. शेवटची बी आपल्या कोठारात पडली की पुन्हा आपलीच पाळी. प्रत्येक खळग्यात चार बिया असताना डावीकडून तिसरा खळगा उचलला, तर चौथी बी नेमकी कोठारात जाते. नवख्याला खेळ आवडू लागतो तो इथेच. मात्र या मांडणीत अचूक खेळल्यास पहिला खेळाडूच जिंकतो, हे संगणकाने सिद्ध झाले आहे. म्हणून पहिल्या खेळीनंतर दुसऱ्याला बाजू बदलून घेण्याची मुभा देतात.

ओवारेत असा झुकाव नाही. 2002 मध्ये अॅमस्टरडॅममधील जॉन रोमेन आणि हेन्री बाल यांनी सर्व स्थिती तपासल्या. दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. या खेळात समोरच्याचे खळगे रिकामे झाले असतील, तर त्याच्याकडे बी पोचेल अशी खेळी शक्य असताना तीच करावी लागते. सोप्या आवृत्त्यांत अनेकदा हाच नियम गाळला जातो, आणि हे मोठेच नुकसान आहे. ज्याला हरवायचे त्यालाच जगवायचे, ही ओढाताण गेली की उरते ती नुसती मोजणी.

ट्रेजन (2011) आणि फाइव्ह ट्राइब्ज (2014) या खेळांनी पट मागे ठेवून फक्त पेरणी घेतली. दुसऱ्यात बियांऐवजी रंगीत माणसे फरशांवर सोडत जातात.

पडद्यावर वेगळीच अडचण येते. लाकडी पटावर बारा-तेरा बियांचा ढीग नजरेने जोखावा लागतो. पडद्यावर आकडाच लिहिलेला असतो. आकडा झाकण्याची सोय हवीच. बाओत 32 खळगे, 64 बिया आणि एका खेळीत लांबत जाणारी पेरणी. तिथे प्रत्येक बी पडताना दिसेल इतका वेग कमी ठेवला नाही, तर डाव कुठे फिरला हे खेळणाऱ्यालाच कळत नाही.