दुर्गा खोटे

(१४ जानेवारी १९०५ – २२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री, निर्मात्या. जन्म मुंबईचा, माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, त्यामुळे घरात कोकणी बोलली जाई. बालपण गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र कुटुंबात गेले. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात. घरात कोकणी, दाराबाहेर मराठी, शाळेत इंग्रजी असा भाषांचा शेजार त्यांना लहानपणापासून लाभला आणि बोलपटाच्या धंद्यात तो चांगलाच कामी आला.

महाविद्यालयात असतानाच त्यांचे विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झाले. सासर सधन होते, पण ती श्रीमंती टिकली नाही. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि बकुळ व हरिन या दोन मुलांची जबाबदारी एकट्यावर पडली. सुशिक्षित, पांढरपेशा बाईने तेव्हा शिकवण्या कराव्यात, फार तर शाळेत नोकरी धरावी. दुर्गाबाई सिनेमात गेल्या त्या पैशाची गरज म्हणून, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे कधी झाकून ठेवली नाही.

पहिला अनुभव कडूच होता. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) मध्ये त्यांनी एक छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार निघाला आणि खोट्यांच्या सुनेने हे काय आरंभले म्हणून नातेवाइकांत बोभाटा झाला. तिथेच थांबल्या असत्या तर कोणी नवल केले नसते. मात्र त्यानंतर व्ही. शांताराम यांनी त्यांना कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या बोलपटासाठी बोलावले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठीतला पहिला बोलपट मानला जातो. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई तारामती.

या भूमिकेला एक मागचा संदर्भ आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. एकोणीस वर्षांनी तीच तारामती झेवियर्समध्ये शिकलेल्या गिरगावकर बाईने केली. ‘घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडून देणाऱ्या’ असे दुर्गाबाईंचे वर्णन नेहमी केले जाते, ते याच भूमिकेमुळे. वर्णन खरे आहे, पण त्याचा एक तोटा झाला: त्यांच्या घराण्याविषयी जितके लिहिले गेले तितके त्यांच्या कामाविषयी लिहिले गेले नाही. शिवाय त्यांच्या आधी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या बायकांना ‘घरंदाज’ या शब्दाने नकळत घराबाहेर बसवले, तेही बरोबर नाही.

‘अयोध्येचा राजा’ हिंदीतही निघाला. या दुभाषी चित्रणाची पद्धत आज सहसा लक्षात येत नाही. नंतर आवाज चढवण्याची सोय तेव्हा नव्हती. संवाद आणि गाणी दोन्ही चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत, त्यामुळे दोन भाषा म्हणजे सगळे काम दोनदा. सेट तोच, दागिने तेच, दिव्यांची मांडणीही तीच. एका भाषेतला शॉट ‘ओके’ झाला की त्याच जागी दुसऱ्या भाषेतला घ्यायचा. मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन तारामतीने एकदा मराठीत आक्रोश करायचा आणि डोळे कोरडे व्हायच्या आत पुन्हा हिंदीत. वाक्याची लांबी बदलली की श्वास कुठे घ्यायचा ते बदलते, आणि मान कोणत्या शब्दावर वळवायची तेही. दुर्गाबाईंचा आवाज भरदार आणि उच्चार स्वच्छ. पौराणिक हिंदी संस्कृतकडे झुकणारी असल्याने मराठी जिभेला ती फारशी परकी नव्हती, हाही एक फायदा. शहाण्या निर्मात्याच्या दृष्टीने अशी नटी म्हणजे दोन चित्रपटांना पुरणारी नायिका.

निर्माते हा दुहेरी खटाटोप हौसेने करत नव्हते. मराठी प्रेक्षक तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचे राज्य असा तीन ठिकाणी विखुरलेला होता. नुसत्या मराठी आवृत्तीवर मोठ्या बोलपटाचा खर्च निघणे कठीण. हिंदी आवृत्ती थेट लाहोरपर्यंत चालू शके. पुढे दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर निर्बंध आले आणि एकच गोष्ट दोनदा चित्रित करण्याची चैन कमी होत गेली.

प्रभातच्याच ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. पायाशी चित्ता बाळगणारी ही राणी तारामतीच्या अगदी उलट टोकाची. ‘अमरज्योती’ (१९३६) मधली सौदामिनी त्याहून पुढची: मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी, पुरुषांच्या कायद्याविरुद्ध शस्त्र उचललेली. हा चित्रपट फक्त हिंदीत होता. तीसच्या दशकातल्या भारतीय पडद्यावर इतकी संतापलेली नायिका क्वचितच दिसते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दुर्गाबाईंची सर्वोत्तम भूमिका हीच. तारामतीला मिळणारा मान बराचसा पहिलेपणाचा आहे.

त्या काळी नट-नट्या महिन्याच्या पगारावर एकाच कंपनीला बांधलेल्या असत. दुर्गाबाई प्रभातच्या असूनही प्रभातपुरत्या राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्ससाठी ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी ‘सीता’ (१९३४) हे चित्रपट केले. मुक्तपणे काम करणाऱ्या पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. त्याच दशकात ‘साथी’ या चित्रपटाच्या निमित्ताने त्या निर्मितीतही उतरल्या.

चाळीसच्या दशकात त्या नायिकेच्या वयातून बाहेर पडल्या आणि खरे तर अधिक रंगतदार झाल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मधली खाष्ट सासू मराठीत गाजली, तशीच ‘चरणों की दासी’ या हिंदी आवृत्तीतही. विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’ अर्थात ‘भरत मिलाप’ (१९४२) मध्ये त्या कैकेयी होत्या. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालमधील चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना लागोपाठ गौरवले. सीता करणारी नटी आठ वर्षांत कैकेयी होते, हा प्रवास आजच्या नट्यांनाही अवघड वाटेल.

‘सीता’मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांनी ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मध्ये हीच जोडी अकबर आणि जोधाबाई म्हणून पुन्हा आली. येथील उर्दूचा बाज पौराणिक हिंदीहून पूर्ण वेगळा, पण पती आणि पुत्र यांच्यात भरडली जाणारी जोधा त्यांनी ठेवणीतल्या संयमाने केली. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये त्या पृथ्वीराजांच्या नातवाबरोबर, ऋषी कपूरबरोबर, दिसल्या. त्यातली ब्रगांझा आजी गोव्याची ख्रिश्चन. घरात कोकणी ऐकत वाढलेल्या दुर्गाबाईंना हा स्वभाव नवा नसावा. ‘अभिमान’ (१९७३), ‘बिदाई’ (१९७४) आणि ‘कर्ज’ (१९८०) हे त्यांचे उत्तरकाळातले आणखी काही चित्रपट. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

रंगभूमीवर त्यांचे घर म्हणजे गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’मधली महत्त्वाकांक्षी पत्नी या त्यांच्या ठळक भूमिका. दोन्हींत समोर नानासाहेब फाटक, म्हणजे आवाजाला आवाज देणारे माणूस. इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या नाट्यसंस्थेच्या कामातही त्यांचा सहभाग होता.

पन्नाशीनंतर त्यांनी फॅक्ट फिल्म्स आणि नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स काढून माहितीपट, जाहिरातपट असे कष्टाचे आणि प्रसिद्धी न देणारे काम वर्षानुवर्षे केले. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची दूरदर्शन मालिका ‘वागळे की दुनिया’ (१९८८) त्यांच्याच संस्थेची. मध्यमवर्गीय मुंबईकर कारकुनाची ही मालिका पाहणाऱ्या पुष्कळांना तिची निर्माती कोण, हे ठाऊक नसे.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) व दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे त्यांचे प्रमुख सन्मान. दीर नंदू खोटे हे मूकपटांच्या काळातले नट. विजू व शुभा खोटे ही नंदू यांची मुले. हरिन यांच्या पत्नी विजया याच पुढे दिग्दर्शिका विजया मेहता म्हणून ख्यातनाम झाल्या. हरिन अकाली गेले. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र दुर्गाबाईंनी मराठीत लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले यांनी केला आहे. भारतीय टपाल खात्याने २०१३ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.