पाणी गार असतं की गार लागतं?

"आमच्या हिरीचं पाणी उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट." परभणीकडच्या शेतांत हे हमखास ऐकू येतं. कुठे कुठे ही देवाची करणी समजून विहिरीपुढे नारळही फुटतो. नारळ खुशाल फोडा, पण एकदा दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडा. खोल पाणी बारा महिने साधारण 25 ते 28 अंश सेल्सिअसच्या आसपासच भरतं. वरचं ऊन आणि थंडी जमिनीत दहाएक मीटर उतरेपर्यंत जवळजवळ विरून जातात.

बदलते ती कातडी. मे महिन्यात हात 35 अंशांच्या घरात असतो, तर जानेवारीच्या पहाटे बोटांची टोकं 20च्याही खाली जातात. तेच पाणी पहिल्या हाताची उष्णता ओढून घेतं आणि दुसऱ्याला देतं.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1690च्या ग्रंथात हाच पेच मांडला: एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम कसं लागतं? घरी करून बघा. एका पातेल्यात 40 अंशांचं पाणी, दुसऱ्यात बर्फ टाकून 15 अंशांचं, मधल्यात बोअरचं. मोटार चालू केल्यावर येणारं पहिलं पाणी सोडून द्या, ते उन्हातल्या पाइपात तापलेलं असतं. दोन हात दोन पातेल्यांत दोन मिनिटं ठेवा, मग एकदम मधल्यात घाला. लगेच काय वाटतं ते सांगा, कारण थोड्याच वेळात फरक पुसट होतो. गरम पाणी 45च्या वर नेऊ नका, तिथे वेदनेचे मज्जातंतू जागे होतात.

कातडीत गारव्याचे तंतू वेगळे आणि उबेचे वेगळे. तापमान घसरलं की गारव्याचे तंतू एकदम संदेशांचा भडिमार करतात, मग निवतात. चढलं की ते गप्प होतात आणि उबेचे तंतू बोलू लागतात. म्हणजे ते पातळीपेक्षा बदल जास्त कळवतात. लॉकचा तर्कही याच दिशेचा: एका हातातल्या सूक्ष्म कणांची गती वाढते, दुसऱ्यातली घटते.

हा जाणवणारा गारवा म्हणजे लॉकच्या भाषेत 'आयडिया', मनात उमटणारी जाणीव. शब्द जुनाच. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची आयडिया मनाबाहेरची, अचल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मते काही आयडिया जन्मजात. लॉक म्हणाला, सगळ्या अनुभवातून येतात. आकार आणि गती वस्तूत खरोखर असतात, गारवा मात्र तसा नसतो. मराठीत 'लागतं' हे क्रियापद हा भेद आयताच करतं.

आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने 1713मध्ये हेच पाणी लॉकवर उलटवलं: गारवा मनातला, तर आकार तरी बाहेरचा कशावरून? त्या हिशेबाने थर्मामीटरवरचा 27चा आकडाही दिसतो, एवढंच म्हणता येतं.