पोडियनकुळम आणि कोडियनकुळम: ‘कर्णन’मधलं गाव आणि खरं गाव

‘कर्णन’ चित्रपट बघितलेले बरेच जण म्हणतात, गावावरचा पोलिसांचा हल्ला वगैरे हे सगळं कोडियनकुळममध्ये घडलेलंच आहे. घडलं होतं, पण असं नाही. मारी सेल्वराज यांच्या या तमिळ चित्रपटातलं गाव आहे पोडियनकुळम. खरं गाव कोडियनकुळम, दक्षिण तमिळनाडूत थुतुकुडीकडच्या ओट्टपिडारम भागातलं. ‘कुळम’ म्हणजे तळं. फरक पहिल्या अक्षराचा, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे असं मला वाटतं. ही घटनेची नोंद नव्हे, घटनेवरून उभी केलेली गोष्ट आहे, हे नावातच सांगून टाकलंय.

चित्रपटातल्या गावाला बस थांबा नाही. सुरुवातीलाच एक लहान मुलगी झटका येऊन भर रस्त्यात तडफडते. गाड्या तिच्या अंगावरून नाही, पण बाजूने निघून जातात, आणि पोर तिथेच मरते. पुढे एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर, मुलाला घेऊन रस्त्याकडेला उभी असते. हात दाखवूनही बस थांबत नाही. शेवटी त्यांचा पोरगा दगड उचलून बसवर भिरकावतो. तिथून ठिणगी पडते, गावातली तरणी पोरं बस फोडतात आणि पोलीस गावात येतात. पुढचे पाय बांधलेलं एक गाढव सबंध चित्रपटभर उड्या मारत फिरताना दिसतं. नायक कर्णन दगडाने ठेचून त्याची दोरी तोडतो, तेव्हा घशात आवंढा येतो. गावाची कोंडी किती आहे, हे त्या गाढवाने जेवढं सांगितलंय तेवढं एकाही संवादाने सांगितलेलं नाही.

आता खरं गाव. जुलै 1995 मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात बसचालक आणि दलित विद्यार्थ्यांमध्ये वाद झाला आणि जातीय हिंसाचार पसरत गेला. म्हणजे बस इथेही आहे, पण ती कोडियनकुळमची नव्हे. 31 ऑगस्ट 1995 ला सुमारे 600 पोलिसांचा ताफा या गावात शिरला. देवेंद्रकुल वेळाळर, म्हणजे तेव्हाच्या बोलीत पल्लर समाजाचं हे गाव आजूबाजूच्या दलित वस्त्यांच्या मानाने खाऊनपिऊन बरं होतं. बऱ्याच घरांतलं कुणीतरी आखातात कमवायला गेलेलं, पोरं शिकलेली. पोलिसांनी फोडलं काय, तर टीव्ही, पंखे, शिलाई मशीन. पासपोर्ट आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं जाळली. विहिरीत विष टाकल्याचंही गावकऱ्यांनी सांगितलं.

इथे दोन्ही गावं वेगळी होतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फरक आहे. पोडियनकुळमला काहीच मिळालेलं नाही म्हणून ते पेटतं. कोडियनकुळमने चार पैसे गाठीला बांधले होते, आणि घाव नेमका त्यावर बसला. पासपोर्ट जाळला की आखातातली नोकरी गेली, प्रमाणपत्र जाळलं की इथलीही. चित्रपट बघून ‘गरीब गावावर अन्याय झाला’ एवढंच मनात घेऊन बसलो, तर 1995 ला नक्की काय मोडायचा प्रयत्न झाला ते कळतच नाही.

तरी चित्रपटाने एक गोष्ट अचूक पकडली आहे. गावातल्यांची नावं कर्णन, दुर्योधन, द्रौपदी अशी आहेत, आणि पोलीस अधिकारी आहे कन्नपिरान, म्हणजे कृष्णच. गावच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावरचा फेटा आणि त्यांची ही भारदस्त नावं त्याला खुपतात. चौकीत म्हाताऱ्यांना मार पडतो तो बसपेक्षा या ताठ मानेपायी. खऱ्या गावातले टीव्ही आणि प्रमाणपत्रं, इथला फेटा आणि नाव. वस्तू बदलली, पोटदुखी तीच.

शेवट मात्र पूर्ण रचलेला आहे. तलवार, अधिकाऱ्याचा वध, नायकाचा तुरुंगवास, हे कोडियनकुळममध्ये झालेलं नाही. तिथला राग मतपेटीतून निघाला. हल्ल्यानंतरच्या आंदोलनातून पुढे आलेले डॉ. के. कृष्णसामी 1996 मध्ये ओट्टपिडारममधूनच आमदार झाले.

सालाचाही घोळ आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यात काळ 1997 दाखवला होता. 1997 ला सरकार द्रमुकचं, हल्ला झाला तो अण्णाद्रमुकच्या जयललितांच्या काळात. द्रमुकचे नेते उदयनिधी स्टालिन यांनी हे निदर्शनास आणल्यावर पाटी बदलून ‘नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध’ अशी करण्यात आली. राजकीय चित्रपटात दोन वर्षांच्या चुकीने दोष एका पक्षाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो, त्यामुळे ही दुरुस्ती गरजेचीच होती.

पण 1997 या सालाशी त्या भागातल्या बसचं खरंच नातं आहे. त्या वर्षी सरकारने एका नव्या परिवहन महामंडळाला वीरन सुंदरलिंगम या दलित वीराचं नाव दिलं. ते नाव लिहिलेल्या बसमध्ये पाय ठेवणार नाही म्हणून इतर जातीतले लोक रस्त्यावर उतरले, दंगली झाल्या. सरकारने मग सगळ्याच परिवहन महामंडळांवरून आणि जिल्ह्यांवरून नेत्यांची नावं काढून टाकली.