एचटीटीपीएस फक्त लॉगिनच्या पानापुरते?
पैशांचा व्यवहार नसेल तर संकेतस्थळाला एचटीटीपीएसची (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील माहिती सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून, पाठवण्याच्या पद्धतीची) गरज नाही, फार तर लॉगिनचे पान सुरक्षित केले की झाले, हा वर्षानुवर्षे टिकलेला समज चुकीचा आहे. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला सेशन कुकी (तुमची ओळख पटवणारी छोटी नोंद) देतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ती परत जाते. ती पाने साध्या एचटीटीपीवर असतील, तर त्याच खुल्या वाय-फायवरचा कोणीही ती टिपून, पासवर्ड माहीत नसतानाही, तुमच्या नावाने वावरू शकतो. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरफॉक्स ब्राउझरसाठी काढलेल्या ‘फायरशीप’ या एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) हेच दाखवून दिले: आसपासच्या लोकांची फेसबुक खाती बाजूच्या पट्टीत नावानिशी दिसत आणि दोनदा क्लिक केले की उघडत.

एन्क्रिप्शनने सर्व्हर मंदावतो, ही सबबही जुनीच. त्याच वर्षी जीमेल सरसकट एचटीटीपीएसवर गेले, तेव्हा प्रोसेसरवरील भारात त्याचा वाटा १ टक्क्याहून कमी असल्याचे गुगलच्या अभियंत्याने सांगितले होते. खर्चाचे म्हणाल, तर ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवा एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रे २०१५ पासून फुकट देते. मात्र कुकीवर ‘सिक्युअर’ ही खूण (ती फक्त एचटीटीपीएसवरच पाठवावी, अशी ब्राउझरला सूचना) हवीच, नाहीतर एखाद्या साध्या एचटीटीपी दुव्यामुळेही ती उघड्यावर पडते.